मिटल्याची खूण

छापखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात त्या कायमच्या. एक नखांतली शाई आणि दुसरी तोंड न उघडता बोलायची खोड. शाई निदान घासलेटाने तरी निघते.

त्या छापखान्यात मशीनं एकदा सुरू झाली की कानाशी येऊन कुणी बोंबललं तरी ऐकणाऱ्याला नुसती ऊब लागायची, शब्द नाही. मग करणार काय? सगळे चेहऱ्याने बोलायचे. एक भुवई वर गेली की चहा आला. दोन्ही गेल्या की मालक आले, बिड्या विझवा. नाक आक्रसलं म्हणजे शाई पातळ झाली, डावा गाल फुगला म्हणजे कागद संपत आला, आणि खालचा ओठ दातांखाली गेला म्हणजे नाही, जमायचं नाही. ही भाषा कुणी काढली देव जाणे, पण नवा गडी बघता बघता शिकून जायचा. बाहेरचा कुणी आत डोकावला तर त्याला वाटायचं, इथे सगळ्यांचेच दात दुखतायत.

यात एक खूण सगळ्यांत मोलाची. दोघांचं वाजलं आणि एकाला ते मिटवायचं असलं, तर त्याने समोरच्याकडे बघून दोन्ही भुवया कपाळात चढवायच्या, दोन्ही गाल टम्म फुगवायचे आणि फुस्सकन हवा सोडून द्यायची. समोरच्याने तसंच केलं की मिटलं. इतकं येडपट तोंड करणाऱ्यावर माणूस रागावून रागावून किती रागावणार? ‘माफ कर’, ‘माझं चुकलं’ असलं काही तोंडाने म्हणायची तिथे पद्धतच नव्हती. कुणी म्हणालाच तर बाकीचे त्याला विचारायचे, “का रे, चेहरा घरी विसरलास?”

घडीवाली तिथे लागली तेव्हा कोवळी पोर होती. छापून आलेल्या मोठाल्या कागदांच्या घड्या घालायचं तिचं काम. पुढे घड्या घालणारं मशीन आलं, ती पुस्तकांच्या शिलाईवर गेली, पण नाव घडीवालीच राहिलं. तिच्या टेबलासमोर ज्याचं मशीन होतं, तो मशीनमन. एका दुपारी त्याने तिच्याकडे बघून एक भुवई वर केली. तिने दाराकडे पाहिलं. चहावाल्याचा पत्ता नव्हता. परत याच्याकडे पाहिलं तर भुवई आपली तिथेच. ‘मेल्याची भुवई अडकली की काय,’ असं मनात म्हणेपर्यंत तिचे कान तापले. असं जमलं ते लग्न. त्यात एक शब्द खर्ची पडला नाही.

लग्नानंतर ही भाषा दोघांनी घरी आणली. त्यांची लेक बोलायच्या आधी गाल फुगवायला शिकली. शेजारीण कौतुकाने म्हणायची, “तुमच्यात कधी भांडणं म्हणून होत नाहीत, नाही?” घडीवालीला हसू दाबावं लागे. त्याच सकाळी उतू गेलेल्या दुधावरून घनघोर झालेलं असायचं, आणि मिटलेलंही असायचं.

मशीनमनचा थोरला भाऊ त्याच छापखान्यात, शेजारच्याच मशीनवर होता. त्यानेच धाकट्याला हाताला धरून तिथे आणलं, रोलर कसे धुवायचे ते शिकवलं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. मग मालकांनी नवी मशीनं घ्यायची ठरवली. मशीनमन तेव्हा तापाने घरी पडला होता. जुन्यातलं कुठलं मोडीत काढू, असं मालकांनी थोरल्याला विचारलं आणि थोरल्याने भावाच्या मशीनकडे बोट दाखवलं. खोटं कशाला बोला, तेच जास्त झिजलेलं होतं. पण मशीनमन बरा होऊन कामावर गेला तेव्हा त्याच्या मशीनच्या जागी फरशीवर तेलाचे डाग तेवढे उरले होते. आपल्याला साधं विचारलंसुद्धा नाही, हे त्याच्या जिव्हारी लागलं. थोरल्याने समोर येऊन गाल फुगवले. याने मान फिरवली. मग थोड्याच दिवसांत काम सोडलं आणि घरी येऊन खिडकीशी बसला.

आणि तिथून पुढे त्याचा चेहरा बंद झाला.

दुखावलाय, बसू दे चार दिवस, असं घडीवालीने आधी मनाशी म्हटलं. पण हा रुसवा काही ओसरेना. सकाळी ती एक भुवई वर करून चहा पुढे ठेवायची, हा नुसता बघत राहायचा. पापणीसुद्धा लवकर लवायची नाही. शेगडीवर दूध करपून काळं झालं तरी नाक आक्रसायचं नाही की उठून गॅस बंद करायचा नाही. “वास येत नाही का हो?” तर म्हणे, “नाही.” तेही इतक्या हळू, की तिला परत विचारावं लागायचं. चालताना पाय फरफटायचा, जसं काही कुणी जबरदस्तीने नेतंय. शर्टाची बटणं लावायला बसला की बाहेर जायची वेळच टळून जायची. उजवा हात कायम मांडीखाली दाबून ठेवलेला. घडीवालीने या सगळ्याचा एकच अर्थ लावला, नाटकं! भावावरचा राग माझ्यावर काढतोय. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

दुसऱ्या एखाद्या घरात बाई म्हणाली असती, अहो, तुम्हाला काहीतरी होतंय, डॉक्टरकडे चला. पण ज्या घरातला संसारच चेहऱ्यावर चालला, तिथे बंद चेहऱ्याला दुसरा अर्थ असतो हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि घडीवाली तरी काय कमी होती? तू शेर तर मी सव्वाशेर. तिनेही आपला चेहरा मिटून घेतला. भुवई नाही, गाल नाही, काही नाही. दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि घरात आवाज फक्त ताटल्यांचा. एकदा तिचा तोल सुटलाच. “या तुमच्या दगडी थोबाडाकडे बघत म्हातारं व्हायचं लिहिलं होतं का माझ्या नशिबी?” तिने चक्क तोंडाने विचारलं. त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ती उठली आणि आपली उशी उचलून लेकीच्या जुन्या खोलीत गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, खोली रिकामीच होती.

अशात थोरल्याने अंथरूण धरलं. फुप्फुसं गेली होती. दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी बसवली, वाचा बंद झाली. लेकीचा फोन आला, “बाबांना घेऊन जा गं काकांकडे. आता नाही तर कधी?” घडीवालीने नवऱ्याला सांगितलं. तो उठला आणि शर्टाची बटणं लावायला लागला. शेवटी तिनेच लावली, दातओठ खात.

छापखान्यातला सगळ्यांत आडदांड गडी पांढऱ्या चादरीखाली असून नसल्यासारखा पडला होता. दारात धाकटा दिसला आणि थोरल्याच्या दोन्ही भुवया वर चढल्या. त्याने गाल फुगवले. नळीमुळे हवा कोंडेना, एकच गाल कसाबसा वर आला, पण खूण ती खूण. घडीवाली नवऱ्याकडे बघायला लागली. करा ना हो. एकदाच करा. मरणाच्या दारातला माणूस आहे तो.

मशीनमन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि भावाकडे बघत राहिला. खूप वेळ. चेहरा भिंतीसारखा कोरा. मग तो परत फिरला. फिरणंसुद्धा सरळ नाही, जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत, आणि पाठ करून दाराकडे चालायला लागला.

थोरल्याने घडीवालीकडे पाहिलं. एक भुवई जराशी उचलली. चहाचं विचारत नव्हता तो. तू त्याची बायको, तुला त्याचं तोंड वाचता येतं, तर तू सांग, मिटलं का?

तिला खोटं सांगता आलं असतं. दोन गाल फुगवायला काय लागतं? पण नवऱ्याच्या रागाने तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि त्या भाषेत कुणी कधी खोटं बोललं नव्हतं. तिचा खालचा ओठ दातांखाली गेला. नाही.

थोरल्याने डोळे मिटले. उरलेल्या वेळात त्याने ते तिच्यासाठी उघडले नाहीत. आठवडा उलटायच्या आत तो गेला. शेवटच्या निरोपालाही मशीनमनच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा लोक कुजबुजले, केवढं घट्ट काळीज म्हणायचं या माणसाचं! घडीवालीला मान वर करवेना. घरी आल्यावर ती त्याला एवढंच म्हणाली, “झालं समाधान?”

“हो,” तो म्हणाला. तिला किळस आली त्याची.

पुढे एकदा मशीनमन न्हाणीघराच्या दारात थबकला. पाय पुढे पडेचना, जमिनीला चिकटल्यासारखे. त्याने जोर केला आणि तोंडावर आपटला. कळताच लेक सासरहून धावत आली. बापाच्या कपाळावरची जखम पुसताना तिने त्याचा हात मांडीखालून बाहेर काढला, तर तो हात तिच्या हातात थरथरत होता. कधीपासून आहे हे, तिने विचारलं. “कधीपासूनचं काय घेऊन बसलीस, नाटकं आहेत त्यांची,” घडीवाली म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच खरा वाटला नाही.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. मशीनमनला त्यांनी अंगठ्यावर बोट आपटायला सांगितलं. सुरुवातीला बोट छान उघडलं, मग कमी कमी उघडत गेलं आणि शेवटी अडकूनच बसलं. त्यांनी त्याला दारापर्यंत चालवलं. डावा हात हलत होता, उजवा अंगाला लोंबत होता. कोपर वाकवून पाहिलं तर ते गंजलेल्या बिजागरीसारखं अडत अडत वाकलं. वास येतो का, विचारलं. “नाही,” तो म्हणाला. “छापखाना सुटायच्या आधीपासून नाही. शाईचासुद्धा नाही.”

“पार्किन्सन आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेंदूत एक रस तयार होतो, हालचालीला वंगण घातल्यासारखं काम करतो, तो या आजारात कमी कमी होत जातो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी बरीच वर्षं आटोक्यात ठेवता येतो. मग बोलता बोलता, रोज सांगायची गोष्ट सांगावी तसं त्या म्हणाल्या, “चेहऱ्याचंही तेच. स्नायू आखडतात. माणूस आत हसतो, रडतो, सगळं करतो, पण ते बाहेर पोचत नाही. घरच्यांना वाटतं हा रागावलाय.”

घडीवालीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

“माझ्या चेहऱ्याला काय झालंय?” मशीनमनने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. दाढी करताना आरशात बघतो माणूस, पण आरशाला खुणा कोण करतं?

लेकीने फोन काढला. “बाबा, हसा बघू.” तो थांबला होता तसाच थांबला. मग विचारलं, “फोटो कधी काढणार?” काढला, ती म्हणाली आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्याने ते चित्र खूप वेळ पाहिलं.

“मी हसलो होतो,” तो म्हणाला. मग बायकोकडे बोट करून, कुणावर काही ढकलायचं नाही अशा सुरात डॉक्टरीणबाईंना म्हणाला, “मला वाटलं, हीच बोलायची बंद झाली. मी रोज सकाळी चहाला भुवई वर करायचो. ही उत्तरच द्यायची नाही.”

दवाखान्याच्या जिन्यात लेकीला आईला धरून बसवावं लागलं.

गोळ्या सुरू झाल्या. वेळेवर पोटात गेल्या की पाय सुटायचे, हातातला कंप निवायचा. चेहरा मात्र सुटला नाही. घडीवालीने आपली उशी परत आणली. आणि रोज दुपारच्या चहाला तिने एक नवीनच काम काढलं. गेलेली वर्षं एकेक करून उकलायला घेतली, चुकीची शिलाई उसवावी तशी.

“नातीचा जन्म झाला म्हणून फोन आला, तेव्हा काय केलंत?”

“हसलो. केवढा तरी.”

“मी नवा चष्मा लावून पहिल्यांदा समोर आले तेव्हा?”

“तेव्हाही हसलो. वेगळं हसलो.”

“मेले!” ती म्हणाली. मग धीर करून, “आणि मी दगडी थोबाड म्हणाले, तेव्हा?”

“गाल फुगवले,” तो म्हणाला. “दोनदा. तू उशी घेऊन गेलीस.”

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. “बरं, तुमचा तो शाईने माखलेला एप्रन मी फरशी पुसायला घेतला, तेव्हा?”

“तेव्हा रागावलो होतो.”

“खरंच?”

“खरंच. फार.”

आणि घडीवाली हसत सुटली. इतक्या रागांतला एक तरी खरा निघाला, याचाच तिला आधार वाटला. हसता हसता तिचं रडू कधी सुरू झालं ते तिचं तिलाही कळलं नाही.

एक दिवस मात्र तिने उकलला नाही. दवाखान्यातला. त्याच्या आसपास आली की ती उठून काहीतरी काम काढायची. त्या दिवशी त्याने काय केलं असेल, हे तिला विचारायची गरज नव्हती. ‘झालं समाधान?’ असं तिने विचारल्यावर तो ‘हो’ का म्हणाला, हेही तिला आता कळलं होतं. आणि रोज सकाळी दात घासताना तिला आपलाच खालचा ओठ दिसायचा.

पण न उकललेलं टिकत नाही. एका दुपारी तो आपणहून बोलायला लागला. “एक बरं झालं बघ. दादाला भेटलो. त्याने खूण केली, मीही केली. गेला तो मिटवून गेला. नाहीतर जन्मभर...”

त्याचा कप अर्ध्या वाटेत थांबला. तिने पाहिलं, त्याच्या डोक्यात एकेक पान उलटत होतं. फोनमधलं ते चित्र. डॉक्टरीणबाई. मी हसलो होतो.

“अगं,” तो म्हणाला. “तेव्हा माझा चेहरा हलला होता का?”

तिने चहाचं भांडं उचललं, परत ठेवलं.

“तू होतीस ना तिथे. मी तर पाठ फिरवली. तू थांबली होतीस.” त्याचा आवाज आणखी खाली गेला. “दादाला कळलं ना?”

“कळलं हो,” ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट. “का नाही कळणार? भाऊच तो तुमचा.”

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आजाराने त्याचा चेहरा नेला, आवाज नेला, वास नेला. वाचायचं मात्र त्याचं काही गेलं नव्हतं. जन्मभर ज्याने तिचं तोंड वाचलं, त्याच्यापुढे तोंडच्या शब्दाला काय किंमत? घडीवालीने भुवया चढवल्या, गाल फुगवले, दादाने अशी खूण केली होती म्हणून दाखवायला. पण हवा कोंडेना. ओठ थरथरले, हवा कुठूनतरी निसटली, आणि तिला जाणवलं की आपला खालचा ओठ दातांखाली आहे. तिने तो झटकन सोडवला. त्याच्यासारखाच आपलाही चेहरा बंद असता तर, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

त्याने ते पाहिलं की नाही, तिला कळेना. ती त्याच्या तोंडावर शोधत राहिली. भुवया होत्या तिथेच होत्या, गाल तसेच, डोळे उघडे. आत तो रडत असेल. आत तो तिला शिव्या घालत असेल. किंवा आत तो या घटकेला दोन्ही गाल फुगवून तिच्याकडे बघत असेल, मिटलं म्हणत.

त्याने कप ओठांशी नेला, थोडा चहा शर्टावर सांडला. “गार झालाय,” तो म्हणाला.

“आणते गरम करून,” ती म्हणाली आणि उठली. आत्ता काय केलंत, एवढं विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. म्हणून तिने विचारलं नाही.